तुराटीची अर्धी काडी

॥ श्री ॥

मी नर्मदाबाई, लिंबाजींची लेक, वय अंदाजे साठ, धंदा खानावळ, राहणार गंगाखेड, कोर्टासमोरची गल्ली, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. वय अंदाजे म्हणण्याचे कारण, जन्माची नोंद कुणी केली नाही. रझाकारांच्या धामधुमीत मला पंधरावे लागले होते, असे आई सांगायची. कागदात बाईच्या नावापुढे भ्रताराचे नाव लागते, ते मी मुद्दाम सोडले आहे. का सोडले, ते कलम सहामध्ये येईल.

सांगणारी मी, लिहिणारे व्यंकटराव वकील. ते वकिलीत नवे होते तेव्हापासून माझ्याकडे जेवतात. "बाई, अशी उणीदुणी मृत्युपत्रात बसत नाहीत," असे ते दोनदा म्हणाले. मी म्हणाले, "तुमी चूल इझल्यावर येता, तरी तुमाला जेवायला बसवते न्हवं मी? मग हेबी बसवा." त्यांनी बसवले आहे.

कलम १. राहते घर, पुढची ओसरी, खानावळीची भांडी, दोन चुली आणि पाठीमागचा लिंबाचे झाड असलेला आड, ही सगळी माझ्या कष्टाची मिळकत आहे. यात ना माहेरचे काही, ना सासरचे. ती सगळी मी कस्तुराबाईला देते. कस्तुराबाई म्हणजे माझी सवत. चौदा वर्षे आम्ही एका चुलीवर रांधतो. गल्लीत अजून कुणाला याचे नवल वाटत असेल तर त्याने एकदा तिच्या हातची शेंगदाण्याची आमटी खाऊन बघावी.

मृत्युपत्र करण्याची घाई यासाठी, की बाई ते न करता गेली तर तिच्या मिळकतीत मुलाच्या जोडीने नवराही हक्काने उभा राहतो. झरीचे भुजंगराव कोर्टाच्या दप्तरात अजून माझे नवरे आहेत. ते येतील आणि कस्तुराला या घरातूनही बाहेर काढतील. एकदा त्यांनी तिला काढलेच आहे. ते दप्तरात नवरे राहिले, तो दोष माझा.

कलम २. कस्तुराची लेक केशर बालवाडीत शिकवते. पोस्टातले पुस्तक आणि माझ्या कानांतली फुले तिला. केशर, लग्न कर, न कर, तुझी मर्जी. पण केलेस तर कचेरीत नोंद करून ये. पारावरच्या पंचांचे तोंड मेल्यावर बंद होते, नोंदीचे होत नाही.

कलम ३. भाकरी थापणाऱ्या धुरपदाबाईला मोठी पितळी परात द्यायची होती. साक्षीदाराला काही देऊ नये, मागाहून लोक शंका काढतात, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून परात आजच देऊन टाकली आणि मग तिला साक्षीदार केले.

कलम ४. ओसरीवरचा लाकडी बाक विकू नये, मोडू नये, आत नेऊ नये. तारखेला आलेल्या बाया त्यावर बसतात आणि वकिलाला विचारायला लाजतात ते मला विचारतात. मी गेल्यावर त्यांना एवढे सांगत जावे. पोटगी मागायला आधी घटस्फोट लागत नाही, नवरा सांभाळत नसेल तर अर्ज करता येतो. पाच वर्षांच्या आतले लेकरू बहुतेक वेळा आईकडे राहते. त्यावरचे कुणाकडे राहील ते लेकराचे भले बघून कोर्ट ठरवते, बापाची मिशी बघून नव्हे. आणि काडीमोड झाली असेल तर कोण कोण हजर होते त्यांची नावे लिहून ठेवावीत. आधी चहा द्यावा, मग कायदा सांगावा. रडणाऱ्या बाईला कायदा ऐकू येत नाही.

कलम ५. माझा मुलगा आश्रुबा झरीला असतो. त्याला बापाची जमीन आहे, म्हणून घरात वाटा नाही. रागाने नव्हे. ट्रंकेत एक लाल खणाची कुंची आहे, त्याची. तीन वर्षांचा होईपर्यंत हिवाळ्यात तीच घालायचा. ती त्याच्या धाकट्या लेकराला द्यावी. आखूड झाली तर घरात टांगावी.

भुजंगरावांना काही देत नाही. माझ्या तेराव्याला त्यांनी यावे, मनाई नाही. शेवटच्या पंगतीला बसावे आणि वाढणाऱ्यांनी दुसऱ्यांदा विचारू नये.

कलम ६. आता सांगते ते ऐकून वकीलसाहेब पेन खाली ठेवतील. ठेवा, पण पुन्हा उचला.

सन सत्तावन्नात झरीला मारुतीच्या पारावर पंचांनी तुराटीची काडी मोडली. अर्धी माझ्या हातात दिली, अर्धी भुजंगरावांच्या. आमच्यात नवराबायको वेगळे करायची ही बापजाद्यांची रीत आहे. कारण असे सांगितले गेले, की मला स्वयंपाक येत नाही. (वकीलसाहेब हसले. हसावे.) आश्रुबा तीन वर्षांचा होता. पंच म्हणाले, "पोरगं बापाचं, बाई मोकळी." लहान लेकरू आईकडे राहू शकते, हे मला तिथे कुणी सांगितले नाही. मी काडी घेऊन चालत निघाले, तो पाठीमागे धावत वेशीपर्यंत आला. मग त्याला कुणीतरी उचलले.

पुढे भुजंगरावांनी कस्तुराशी लग्न केले आणि अठ्ठ्याहत्तरात तिलाही लेकीसकट बाहेर काढले, मुलगा होत नाही म्हणून. तिचे माहेर इकडचे, म्हणून पोटगीचा अर्ज गंगाखेडला. वकील हेच व्यंकटराव. तारखेला आली आणि नामांतराच्या दंगलीने एसट्या बंद पडल्या. तीन दिवस ती माझ्या ओसरीवर राहिली. ती कोण हे तिने सांगितले, मी कोण हे मी सांगितले नाही. सहा वर्षांची केशर माझ्या मांडीवर झोपून गेली.

भुजंगरावांचे कोर्टात म्हणणे असे पडले, की पहिलीशी काडीमोड झालीच नाही, म्हणून दुसरे लग्न हे लग्नच नाही, मग पोटगी कशाची? काडी मोडली हे सिद्ध झाले असते तर कस्तुरा कायद्याने बायको ठरली असती. पारावरचे पंच तोवर मेले होते. साक्षीला उरले मी. साक्षीच्या आधी भुजंगराव एकवीस वर्षांनी माझ्या दारात आले. म्हणाले, "काडी मोडली न्हाई म्हण. पोराला तुझ्याकडं पाठवतो."

मी शपथेवर म्हणाले, "न्हाई मोडली." काडी तेव्हा ट्रंकेत होती.

आश्रुबा आला. एकदा. दोन भाकरी खाल्ल्या, मला मावशी म्हणाला आणि दोनच्या गाडीने गेला.

कस्तुराचा अर्ज फेटाळला. केशरला लेक म्हणून पोटगी लागली, कस्तुराला काही नाही, आणि निकालात तिचे नाव 'कथित पत्नी' असे पडले. त्या दिवशी ती माझ्याच बाकावर येऊन बसली. "तुमच्यावर राग न्हाई, आक्का," ती म्हणाली. "लग्नाच्या तुमी. मीच कुणाच्या घरात घुसले हुते, मला ठावं न्हवतं." मी विचारले, "भाकरी थापायला येती का?"

तेव्हापासून गल्लीत कुणी हळदीकुंकू घेऊन आले की ती मागे सरते. म्हणते, "आधी आक्काला. मी काय, अशीच."

कस्तुरा अशीच नाही. काडी मोडली होती. कस्तुराबाई ही भुजंगरावांची लग्नाची, कायद्याची बायको आहे. मी खोटे बोलले.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर केशरने तिला मोठ्याने वाचून दाखवावे, कारण तिला वाचता येत नाही. काडीचा माझा तुकडा ट्रंकेत सुईदोऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात आहे, तो तिला द्यावा. छत्तीस वर्षांत त्याला कीड कशी लागली नाही, याचे मला नवल वाटते. तोंडावर सांगायची माझी छाती नाही. कस्तुराशिवाय माझा दिवस उगवत नाही. हे कळून ती उठून गेली तर मी हाक कुणाला मारू, एवढीच भीती.

पुरवणी. सह्या व्हायच्या होत्या. काडी वकीलसाहेबांना दाखवावी म्हणून मी डबा काढला, तोच कस्तुरा चहा घेऊन आत आली. मी डबा पदराखाली घेतला.

ती म्हणाली, "काडी दाखवायलाव व्हय?"

मी पदर आणखी घट्ट धरला.

"दर दिवाळीला ट्रंक मीच तर झाडते, आक्का. पयल्याच साली घावली. तशीच ठिवली. वरसाला दोन डांबराच्या गोळ्या टाकते, किडा लागू नये म्हणून."

मी विचारले, "मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? लेकरू दिसंल म्हणून बोललाव तुमी. माझं लेकरू माझ्यापाशी हुतं." मग कप खाली ठेवून म्हणाली, "पर ते 'अशीच' म्हणायचा मला लय कटाळा आलाय. मेल्यावर सांगून काय करता? जित्तेपणी सांगा की कोर्टाला. मला ऐकायचंय."

केशर बालवाडीतून आली होती. तिने कलम सहा आत्ताच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचले. चहा निवला, कस्तुराने पुन्हा केला. मी तिचा हात धरून रडले, हेही वकीलसाहेबांनी लिहावे. सोमवारी मी कोर्टात प्रतिज्ञापत्र करणार आहे. खोट्या साक्षीला शिक्षा असते ते मला ठाऊक आहे. झालीच तर तुरुंगाला चांगली स्वयंपाकीण मिळेल.

सबब कलम सहामधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे दोन शब्द खोडले आहेत. खाडाखोड माझ्या हातची आहे, तिच्यावर माझी सही आहे. बाकी मजकूर कायम.

ठिकाण : गंगाखेड, जि. परभणी
दिनांक : ११ फेब्रुवारी १९९३

सही : नर्मदाबाई लिंबाजी

आमच्या समक्ष सही केली, आम्हीही तिच्या समक्ष केली :
१. पंडित, पोस्टमन, गंगाखेड (सही)
२. धुरपदाबाई, भाकरीवाली, गंगाखेड (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : व्यंकटराव, वकील. पेन एकदा खाली ठेवले होते, ते खरे आहे.