सगळे उठले, ती बसून राहिली

पप्पा, परवाच्या रविवारी तुमच्या नातीने भर चर्चमध्ये 'नाही' म्हटलं, तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

हल्ली पालकांच्या दर सभेत एकच विषय असतो. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, आजच्या मुलांना अढळ सत्य असं काही वाटतच नाही. मग कुणी मोबाइलवर घसरतं, कुणी कॉलेजवर. मी मुकाट मान डोलावते, कारण तो नमुना माझ्याच घरात आहे. "मम्मी, सबका अपना अपना ट्रुथ असतं, यार," असं ती बदलापूरच्या गॅलरीत केस विंचरत मला ऐकवते. मला अंबरनाथच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. उपासना आटोपलीय, तुम्ही मोरीत बांगडे साफ करताय, आणि कॉलेजात नव्यानेच जाऊ लागलेली मी हेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकते. तुम्ही वर न बघता म्हणता, "बांगडा ताजा असतो नाहीतर नसतो. त्यात तुझं मत कोण विचारतं?" मला भयंकर राग आला होता. बांगडा मात्र मी खाल्ला.

तर परवा तिचं कन्फर्मेशन होतं, सगळ्यांसमोर विश्वास कबूल करून मंडळीत पक्कं होण्याचा दिवस. उल्हासनगरहून पांढरं कापड आणून ड्रेस शिवला होता. पाळकसाहेब विश्वासाची कलमं वाचून एकेका मुलाला विचारत होते, "हे सर्व तू खरं मानतोस काय?" आणि "होय, मानतो" असं रांगेतून पुढे सरकत होतं. तिची पाळी आली. ती म्हणाली, "साहेब, काही मानते. सगळं नाही, अजून तरी नाही. इथे उभी राहून खोटं नाही बोलू शकत मी." पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला जागेवर पाठवलं. कन्फर्मेशन नाही म्हणजे प्रभुभोजनही नाही. भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळी मंडळी उठून पुढे गेली, मीही गेले. ती तो पांढरा ड्रेस घालून रिकाम्या बाकांमध्ये एकटी बसून राहिली.

पप्पा, ज्याचं त्याचं सत्य म्हणणाऱ्या मुलीचं एका 'होय'ने काय बिघडणार होतं? सगळे खूश झाले असते, वर बिर्याणी मिळाली असती. पण देव खरोखर समोर उभा आहे आणि ऐकतोय, असं वागणारं माणूस त्या दिवशी मला तिच्याशिवाय कुणी दिसलं नाही. चार लोकांत मान खाली जायला हवी होती माझी. उलट वाटलं, त्या बाकाजवळ जाताना चपला काढून ठेवाव्यात.

घरी आल्यावर तिने सहज विचारलं, "मम्मी, तुला खरंच सगळं खरं वाटतं?" मी चहा टाकायला उठले. उत्तर आधी तुम्हाला सांगून बघावं म्हणून आज लिहायला बसले, तर तुमच्यासमोरही मला अजून 'होय' लिहिता आलेलं नाही.