किलोच्या आतील कामांतून उजवा खांदा वगळण्याबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
सार्वजनिक सभागृह कार्यालय, तळमजला.

विषय: हात डोक्याच्या वर न्यावा लागेल असे काम सर्जन सांगतील तोवर न देण्याबाबत.

संदर्भ: आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

अर्जदार हा आपल्या कार्यालयातील रंगारी असून आपल्या दालनाचे छत त्यानेच रंगवले आहे. आपली नजर टेबलाच्या वर क्वचितच जात असल्याने हे नमूद करावे लागत आहे.

१. मोठ्या सभागृहाचे छत रंगवताना शिडी सरकली. ती बदलून मिळावी असा अर्ज आधीच दिला होता, व त्यावर 'पाहू' असा शेरा मारून आपण तो पाहिला नव्हता. अर्जदार खिडकीच्या चौकटीला एका हाताने लोंबकळला आणि खांद्यात जुने कापड टरकावे तसा आवाज झाला. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा तुटली होती. सर्जनबाईंनी दुर्बिणीतून ती ओढून आणली, हाडात बारीक खिळे बसवून धाग्याने शिवली आणि हात झोळीत अडकवला. झोळी सुटेपर्यंत अर्जदाराच्या सदऱ्याची बटणे त्याची बायको लावत होती व "रोज तुम्हाला शाळेत पाठवतेय असं वाटतं" म्हणत होती. अर्जदाराला त्याची लाज वाटत असे.

२. कामावर हजर होताना सर्जनबाईंनी लिहून दिले की, हलके काम द्यावे, हात खांद्याच्या वर नेऊ नये. यातील पहिले अर्धे वाक्य आपण वाचलेत. हलके म्हणजे काय हे ठरवण्यासाठी भांडारपालाकडून काटा मागवलात, व किलोच्या आत भरेल ते सर्व हलके असा आदेश काढलात. त्यानुसार अर्जदारास जिन्यातील जळमटे काढणे, पडद्यांच्या कड्या बदलणे, भिंतीवरची घड्याळे उतरवणे व पंख्यांची पाती पुसणे ही कामे मिळाली. जळमटांचा बांबू काट्यावर मावेना, तेव्हा भांडारपालाने तो उभा धरून मोजला व छताला भोक पाडले. शिवलेल्या कंडरेवर रिकामा हात वर नेला तरी ओढ येते, हे तोंडी सांगता आपण म्हणालात, "अहो, काडीचं वजन नाही त्याला!" आपल्या आदेशालाही नाही, पण तो पाळावा लागतो.

३. म्हणून अर्जदार डाव्या हाताने काम करू लागला. तोही दुखू लागला. एका दुपारी पंखा पुसताना डावा हात भरून आला, क्षणभर उजवा वर गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. टाके टिकले हे नशीब. सर्जनबाई म्हणाल्या, "पुन्हा तुटलं तर शिवायला काही उरणार नाही, काका." रंगाऱ्याला वर न जाणारा हात म्हणजे काय, हे आपणास समजावण्याच्या फंदात अर्जदार पडत नाही. गाढवापुढे वाचली गीता, ही म्हण येथे देण्याचे तो नम्रपणे टाळतो.

४. त्यानंतर, 'कार्यक्षम अधिकारी' म्हणून होणाऱ्या आपल्याच सत्काराचा कापडी फलक प्रवेशद्वारावर टांगण्याचे फर्मान आले. अर्जदाराने नकार दिला. त्यावर आपली नोटीस अशी की, जो हलके कामही करू शकत नाही तो जड काम काय करणार, सबब त्यास कायमचा अपात्र ठरवून सेवेतून का कमी करू नये? सोमवारी सकाळी फलक टांगावा किंवा घरी बसावे. अर्जदारास बरा होऊ द्यायचा नाही आणि बरा झाला नाही म्हणून हाकलायचे, एवढे डोके आपण शिडी बदलण्यात चालवले असते तर ही वेळ आली नसती.

अर्जदार खुर्चीत बसून नोंदी करील, कुलपांना तेल घालील, खांद्याच्या खालचे सांगाल ते करील. त्याला पुन्हा छत रंगवायचे आहे, आणि त्यासाठी आज हात खाली ठेवायचा आहे. एवढीच मागणी आहे.

सोमवारी सकाळी मात्र तो प्रवेशद्वारावर दिसणार नाही. तो फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतीवर एकेक बोट चढवण्याचा व्यायाम करत असेल. सेवेतून कमी केल्याचा आदेश काढायचाच असेल तर तिथे पाठवावा. तो घेण्याइतका उजवा हात आता पुढे येतो. सलाम ठोकण्याइतका वर अजून जात नाही, आणि त्याची अर्जदाराला घाईही नाही.

आपला, नियमापुरता नम्र,
(सही डाव्या हाताची)
रंगारी, देखभाल विभाग

दिनांक: नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत: सर्जनबाईंच्या दाखल्याची तिसरी प्रत. पहिल्या दोन आपल्याच कार्यालयात आहेत.