विसरलेली म्हणे!

रेग्वाचा धक्का,
रविवार, २९ सप्टेंबर

प्रिय ताई,

दोन्ही गालांवर पापा. तू हाताने पुसून टाकशील, तरी घेच.

मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही, कारण विचारलं की तू म्हणतेस, 'तुला काय करायचंय?' फोन करत नाही, कारण फोनवर तू ऐकून घेत नाहीस आणि मला रडू येतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद. बोटीवरचे पाहुणे गावातलं वाइनचं संग्रहालय बघायला गेलेत. तासाभरात येतील आणि आल्या आल्या विचारतील, 'जेवायला काय?' चार वेळा जेवणारी माणसं आहेत ही, आणि दोन जेवणांच्या मध्ये इतिहास.

बोट तशीच आहे. पोर्टोहून वर जायचं, वरून खाली यायचं. या नदीवर मी आयुष्यात कुठे पोचलेच नाही असं कधीकधी वाटतं. हंगाम जोरात आहे. गुरुवारी पाहुण्यांचे पाय धुऊन त्यांना द्राक्षं तुडवायला दगडी हौदात उतरवलं. खांद्यांवर हात, डावा-उजवा, डावा-उजवा. एक जर्मन आजोबा मोजे काढायलाच तयार होईनात. त्यांची बायको म्हणाली, 'राहू द्या, नाहीतर त्या वाइनचा व्हिनेगर होईल.' मी हसून बेजार. मग एकदम तुझा खांदा आठवला. लहानपणी हौदात मी तुझ्या शेजारी उभी असायचे, माझा हात तुझ्या खांद्यापर्यंत पोचायचा नाही आणि तू गुडघे वाकवून चालायचीस. तेव्हाच लागली असेल तुझ्या गुडघ्यांची वाट.

हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही. थांब, येते.

आमच्या स्वयंपाकघराची मालकीण झुल्मिरा माझ्यावर उखडलीये. तिने खारवलेला कॉड मासा भिजत घातला की मी नाक दाबून वरच्या डेकवर पळते. परवा करडू भाजत होती, मी दारातूनच परतले. "वाइनबाई, तुझं नाक आहे की पोलिसांचं कुत्रं?" म्हणाली. "पूर्वी लसणीच्या पाकळ्या कच्च्या खायचीस. आता कांदा चिरला तरी तोंड फिरवतेस. आणि वाइन नुसती हुंगतेस, गिळत नाहीस. धर्म बदललास का?" मी म्हटलं, हवा बाधली. तिने माझ्याकडे नीट बघितलं, लिंबाची फोड कापली आणि माझ्या हातात ठेवली. झुल्मिरा न मागता काही देते म्हणजे समजून चाल.

तर परवा. शुक्रवारच्या जेवणात मला शेवटी काहीतरी खास द्यायचं असतं. कंपनीने एक नवी बाटली पाठवली होती, जुनी तपकिरी पोर्ट वाइन, बारीक मानेची, फार महागडी. सोबत पाहुण्यांना सांगायची गोष्टसुद्धा छापून आलेली: 'एका जुन्या घरच्या तळघरात पिढ्यान्पिढ्या विसरलेलं पिंप.' मी बूच काढलं. नाक जवळही नेलं नव्हतं, ताई. वास आपणहून आला. आधी मेण. मग जळका अक्रोड. आणि मागून तो ओल्या चेस्टनटच्या लाकडाचा वास, आजोबांनी ओकच्या पिंपाला ठिगळ म्हणून चेस्टनटची फळी ठोकली होती ना, तिचा. 

आईचं पिंप.

विसरलेलं म्हणे! दर सप्टेंबरला आई नव्या वाइनचा एक तांब्या त्यात ओतायची आणि 'म्हातारीला भूक लागते' म्हणायची. बुचाला फडकं गुंडाळून वर आपल्याच मधमाश्यांच्या पोळ्यांचं मेण. एक वर्ष तरी विसरली का ती? ते पिंप विकायचं नाही, पाहुण्याला द्यायचं नाही. घरात बाळ आलं की बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याच्या ओठांना एक चमचा, आणि माणूस जायला निघालं की त्याच्या ओठांना एक चमचा. मधल्या आयुष्यात नुसता वास घ्यायचा. आईला शेवटचा चमचा तू दिलास. मी तिचं डोकं धरलं होतं. थोडी तिच्या हनुवटीवरून माझ्या मनगटावर ओघळली आणि मी दोन दिवस तो हात धुतला नाही.

आणि इथे टेबलावर एक बाई तीच वाइन घोळवत विचारते, "कशाची चव येते हो ही?" मी शिकवल्याप्रमाणे बोलले. अक्रोड, संत्र्याची साल, मध. आवाज माझाच होता. अजून आहे का म्हणाले, तर मी म्हटलं संपली. खोटं बोलले. बाटलीत तळाशी होती. चोरी म्हण हवं तर. आपलीच चोरली.

तुझा राग आला. असा की हातातला पेला फुटला असता. मला वाटलं, तू सगळं विकलंस. ईस्टरला मीच तर म्हटलं होतं, खालचा बांध पावसात ढासळलाय, दोन मळे अधांतरी लटकलेत, आता हा उतार विकून टाक आणि पोर्टोला चल. तू म्हणालीस, "बेला, कायमची येणार असशील तर ये. आल्यागेल्या पाहुण्या मला नकोत, त्या तुझ्या बोटीवर ठेव." आणि दार लावलंस. मग मला वाटलं, ऐकलं वाटतं हिने माझं. आधी पिंप गेलं, मग घर जाईल, आणि मला कळणार ते एखाद्या छापील कागदावरून. मीच दिलेला सल्ला, आणि तो तू मानलास या विचाराने माझी झोप उडाली. माणसाचं काय सांगावं.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही. ईस्टरपासून घराखालून बोट जाते तेव्हा मी खाली कोठारात जाते. बाटल्या पुसते. पुसलेल्याच पुन्हा पुसते. त्या वळणावर आमचा भोंगा वाजतो, तेवढ्यावरून कळतं की आलं घर आणि गेलं.

काल सकाळी राहवेना. सुकाणूपाशी जाऊन आमच्या म्हाताऱ्या कप्तानाला, अमादेऊला, विचारलं, "काका, वरच्या त्या घरात कुणी दिसतं का अजून?"

"म्हणजे काय? मग मी भोंगा कुणासाठी वाजवतो?"

"वळण आहे म्हणून."

"वळण!" म्हातारा केवढा हसला. "पोरी, जन्म गेला माझा या नदीवर, या वळणाला भोंगा लागत नाही. ती तुझी बहीण कठड्यावर लाल घोंगडी टाकते. येताना पण, जाताना पण. घोंगडी दिसली की मी वाजवतो. मला वाटलं तुमचं काहीतरी ठरलंय."

आपलं काही ठरलेलं नव्हतं ना, ताई?

मग मी वरच उभी राहिले. घोंगडी होती. आईचीच, एका कोपऱ्याला जळलेली. आणि खाली बांध होता. पुरा. नवा दगड अजून फिकट आहे, जुन्यात मिसळलेला नाही, म्हणून लांबूनही कळतो. दोन्ही मळे जागच्या जागी, वेलींवर द्राक्षं. तू कमरेत वाकून घड कापत होतीस, माझ्याकडे पाठ करून. भोंगा वाजला तरी वळली नाहीस. तुझा ताठा तो, पाठीवरूनही ओळखू येतो.

तेव्हा समजलं पिंप कुठे गेलं ते. दगड झाला त्याचा. तू घर विकायला पिंप काढलं नाहीस, घर राखायला काढलंस. आणि कुणाला बोलली नाहीस. मला तर नाहीच. एकटीने ते मेण खरवडलंस का गं? की पिंप न्यायला आलेल्या वाइनच्या दलालाच्या माणसांनी? तू आत जाऊन बसली असशील. मी तिथे असायला हवी होते. रागवायला नाही, नुसती तुझ्याजवळ बसायला.

पाहुणे परत आले बघ. जिन्यावर पावलं वाजतायत. लवकर सांगते.

ताई, मला दिवस गेलेत. चाळिशीला टेकलेली बाई, आणि आता हे. डॉक्टरीण म्हणते सगळं ठीक आहे, जानेवारीच्या शेवटी. बाप कोण ते विचारशीलच. इथल्या धरणावर बोटी वर-खाली करणारा एव्हारिश्तो. त्याच्या त्या हौदात पाणी चढे-उतरेपर्यंत बोट अडकून पडते, कुठे पळता येत नाही, तिथेच बोलणं वाढलं. माणूस चांगला आहे. लग्न करू म्हणतो, धरणाजवळच्या खोलीत राहू म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. भिंत बघितली की माझे पाय वळवळतात, तुला माहीत आहे. पण बाळ जन्माला येईल ते बोटीवर नको. दोन्ही काठ नुसते सरकताना बघत ते मोठं व्हायला नको. माझं झालं तेवढं पुरे.

मला भीती वाटते. हे कुणाला सांगितलेलं नाही, त्यालाही नाही.

पुढच्या शनिवारी बोट आपल्या घराजवळच्या धक्क्याला, पिन्यावला, थांबेल. मी सामान घेऊन उतरणार आहे. राहायला. हंगाम संपेपर्यंत की कायमची, ते मला आज सांगता येत नाही, आणि खोटं लिहायचं नाही. तुझी अट अर्धीच पाळतेय. अर्ध्यावर दार उघडणार असशील तर घोंगडी काढू नकोस, तिथेच राहू दे. आणि आईचा चांदीचा चमचा घासून ठेव. तो विकला नसशील, एवढी मी तुला ओळखते.

बाटलीच्या तळाची मी झुल्मिराच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून घेतलीये. दहा वेळा उकळत्या पाण्याने धुतली, वर मेणबत्तीचं मेण लावलं. आपल्या पोळ्यांचं नाही, पण चालवून घे. उजेडात धरून बघितलं. दोन चमचे निघतील.

एक जानेवारीतल्याला. दुसरा आपल्या दोघींत जी आधी निघेल तिला. त्याची मात्र घाई करायची नाही, ऐकलंस?

घराखालून कितीदा गेलेली, आता उतरू बघणारी,
तुझी
बेला