काठी, दोरी आणि सत्यजित

२ मार्च २००१, शुक्रवार
डेंटिस्टकडे एक मासिक चाळलं. एक गोरा माणूस नुसत्या काठी आणि दोरीचं धनुष्य घेऊन हरणामागे जातो. दुर्बीण नाही, आधुनिक धनुष्याच्या पुल्या नाहीत. डोळे भरून आले. दातामुळेही असेल. निर्णय: उरलेलं आयुष्य साधं.
समोरच्या इमारतीतल्या सत्यजितला पटलं. जुना दोस्त. इथे दुबईत, बर दुबई भागातल्या देवळामागे चहा पिताना शपथ घेतली: काठी, दोरी आणि बाण. याउपर काही आणेल तो फितूर.
इथे शिकारीला बंदी. म्हणून टीव्हीच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं हरीण. शिकार मनात असते.

४ मार्च
काठी मिळाली. बाल्कनीत, पाण्याच्या कॅनमागे. गुढीची आहे. बायकोने, उर्मिलाने, सांगलीहून विमानातून आणलेली, चेक-इनवाल्याशी भांडून. वर्षातून एकदाच लागते. एरवी तीही कंटाळत असेल. पाडव्याच्या आत परत जागेवर. उर्मिलाला बोललो नाही. तिला आधीच खूप कामं असतात.

५ मार्च
वाळत घालायची नायलॉनची दोरी चढवली. सत्यजित म्हणाला, वासू, रोज दोरी उतरवून ठेव, काठी वाकडी होईल. मी म्हटलं, योद्ध्याचं धनुष्य सदैव सज्ज. राजे काय संध्याकाळी दोरी सोडायचे? म्हणाला, राजांना काठी बायकोला परत द्यायची नसायची.

९ मार्च, शुक्रवार
शारजाच्या पुढे वाळवंटात. सत्यजितचं धनुष्य म्हणे अजून तयार नाही. माझे सगळे बाण वाऱ्यामुळे जवळच पडले. हरीण घाबरलं नक्की.

१६ मार्च, शुक्रवार
सत्यजितने डिकी उघडली. काळं धनुष्य. दोन पुल्या, भिंग, हातमोजा, मोज्याला वेगळी पिशवी. म्हणाला, पाठ दुखते रे. पहिलाच बाण हरणाच्या डोळ्यात.
त्याची मुलगी अस्मी माझं धनुष्य बघून म्हणाली, अंकल, इज दॅट अ स्कूल प्रोजेक्ट?

१७ मार्च
सत्यजितशी बोलणं खलास. ऑफिसला मात्र त्याच्याच गाडीतून जावं लागतं. निषेध म्हणून मागच्या सीटवर बसलो. त्याने आरसा नीट करत विचारलं, साहेब, कुठे सोडू?

२३ मार्च, शुक्रवार
आज सत्यजितला बाणाने उत्तर देणार होतो. हवेत धूळ होती, शिवाय घसा. सत्यजित गेला. उर्मिलाही गेली, त्याच्या बायकोबरोबर, बिर्याणीचा डबा घेऊन. संध्याकाळी आली ती हातमोज्याचं कौतुक करत. तिने त्याच्या धनुष्याने हरीण पाडलं. म्हणाली, सोपं असतं हो, तुम्ही उगाच एवढं टेन्शन घेता.
घरातसुद्धा कुणी आपलं नाही.

२५ मार्च
उद्या पाडवा. दोरी सोडली. काठी सरळ झाली नाही. उलटी वाकवली, गादीखाली घातली, वर बसलो. समजावलं. बाल्कनीतल्या उन्हाने तिचं मत पक्कं केलेलं आहे. सत्यजितने दोरीची पुन्हा आठवण करून द्यायला हवी होती. खरा मित्र दोनदा सांगतो.

२६ मार्च, गुढीपाडवा
उर्मिलाने काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत काठीकडे पाहिलं. त्याच काठीला जरीचं वस्त्र, कडुलिंब, साखरेची गाठी, वर तांब्या. बाल्कनीत उभी केली. आत वळवली तर तांब्या दारात अडकतो, डावीकडे एसीवर आपटतो, उजवीकडे पाइप. एकच दिशा उरली.
सकाळपासून माझ्या घरची गुढी कमरेत वाकून समोरच्या बाल्कनीला नमस्कार करते आहे. तिथे सत्यजित उभा आहे. तोही हात जोडून.