झऱ्याखालच्या खाचराचा चर

मी, कासियाना माग्सिनो अलकांतारा, वय चौऱ्याहत्तर, विधवा, राहणार कालावान, प्रांत लागुना, गुडघे गेले तरी डोकं शाबूत असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता (तो माणूस अजून जन्मायचाय) हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहतं घर आणि म्हैस मुलगी रेमेडियोस हिला. म्हशीवर ओरडू नये, तिला ते खपत नाही.

२. भाताचा मोठा टोप शेजारीण पुरिफिकासियोन हिला. नाहीतरी नऊ वर्षं तो तिच्याकडेच आहे.

३. झऱ्याखालचं खाचर. यातलं पाणी वर्षभर हटत नाही. बावीस वर्षांपूर्वी लावणीनंतर रोपं खुजी राहिली, पानांवर तांबूस ठिपके आले. मी युरिया ओतला, पाणी आणखी वाढवलं. धाकटा भाऊ दिओनिसिओ म्हणाला, "ताई, सतत बुडलेल्या जमिनीत जस्त अडकून बसतं, मुळांना मिळतच नाही. थोडे दिवस सुकू दे."

"भाताला म्हणे पाणी नको! मोठा आलाय शहाणा!"

मी आठवडाभर रेमेडियोसकडे गेले, तेवढ्यात याने बांध फोडून चर खणला. परतले तर चिखलाला भेगा. भर चर्चच्या दारात मी त्याला पाणीचोर म्हटलं. त्यानंतर तो माझ्या घरी जेवला नाही.

पुढे पंधरा दिवसांत खाचर हिरवंगार झालं. गावाला मी सांगितलं, युरियाचा गुण. तेव्हापासून दर हंगामात तोच चर मी उघडते. लोक त्याला कासियानाचा चर म्हणतात आणि मी ऐकून घेते. मला लाज वाटते.

म्हणून लिहिते : दिओनिसिओचं बरोबर होतं. तो चोर नव्हता. चर त्याचा आहे.

४. हे खाचर मी त्यालाच देणार होते, आणि साक्षीलाही तोच हवा होता. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. काल त्याला बोलावून हे सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बोल, खाचर की सही?"

त्याने तिसरं कलम पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "खाचर रेमेडियोसला दे. पाणी कधी सोडायचं ते सांगेन मी तिला. सही करतो."

"अरे वेड्या, का?"

"बावीस वर्षं गावाने तुझंच ऐकलंय, ताई. उद्या हे कुणी खोटं म्हटलं, तर साक्षीदार नको?"

मग जेवायला बसला. भात दोनदा घेतला.

तेव्हा खाचर रेमेडियोसला. वरील सर्व मी वाचून, समजून सही केली.

कासियाना मा. अलकांतारा
कालावान, ११ मार्च २०१९

साक्षीदार :
१. होनोराता विल्यादिएगो, वकील
२. सेवेरो कातिंदिग, सुतार
३. दिओनिसिओ माग्सिनो, भाऊ