श्वानदंशाचा ग्रंथ आणि तांबीची चार पिल्ले

ता. २ मार्च १९४४, धाराशिव
मराठी सातवीत पहिली आल्याबद्दल दोन बक्षिसे मिळाली: आरोग्याचे पुस्तक आणि चंदनाचा साबण. साबण केवळ वास घेण्यासाठी ट्रंकेत ठेवला आहे. पुस्तकातील श्वानदंशाचे प्रकरण तिसऱ्यांदा वाचले. संकल्प: या गल्लीतील एकाही मुलास यापुढे कुत्रे चावता कामा नये. ग्रंथ लिहीन. उद्या बायकांपुढे व्याख्यान.

ता. ३
व्याख्यान झाले नाही. ओट्यावर पाच बायका जमताच माझा घसा बसला. सकाळचे ताक आंबट होते, एवढेच कारण. तेच व्याख्यान मग कोठीघरात नागूस, म्हणजे अण्णांच्या सहा वर्षांच्या लेकीस, दोनदा दिले. "आत्या, झालं का?" असे तिने फक्त सात वेळा विचारले.

ता. ५
नियम पहिला: व्यालेल्या कुत्रीजवळ मुलांनी जाऊ नये. उदाहरण हवे. शेजारच्या सारजाबाईंची तांबी कडब्याच्या गंजीमागे व्याली आहे. आमच्या माळवदावर चढून खाली पाहिले, पिल्ले दिसेनात. मी भीत नाही, परंतु शास्त्रीय निरीक्षण दुरूनच करावे. उद्या सोय करीन.

ता. ६, सकाळी
पिल्ले चार. नागूने मोजली. पाचवे आहे का पाहताना तांबी तिच्या पोटरीला चावली.

दुपारी
नागू रडत घरी आली, तिच्या मागोमाग सारजाबाई मूठभर तिखट घेऊन आल्या. म्हणाल्या, "जखमंत दाबून भरा, अन् सात हिरींच्या पाण्यात डोकवायला न्या पोरीला!" या क्षणासाठीच मी सिद्ध होते. तिखट का भरू नये, यावर माझी साडेतीन पाने तयार आहेत. मात्र वडीलधाऱ्यांना तोंडावर विरोध करणे शोभत नाही, म्हणून सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून हाती दिली. त्यांना वाचता येत नाही, हे ऐनवेळी स्मरले नाही. "बरं झालं बाई, कागद दिलास," म्हणत त्यांनी त्यातच तिखटाची पुडी बांधून वहिनींच्या हाती ठेवली.

तेवढ्यात नागूच रडे थांबवून ओरडली, "तिखट न्हाय! साबण! पाण्याची धार, पाव तास! आत्यानं दोनदा सांगितलंय!" वहिनींनी तिला न्हाणीत नेले. घरात साबण एकच होता. पाव तासात संपला. मग अण्णा तिला दवाखान्यात घेऊन गेले.

ता. ७
डॉक्टर म्हणाले, धुण्याची अक्कल ज्याची, तो शहाणा. श्रेय माझेच. पुढे त्यांनी कुत्री कशी चावली ते विचारले, नागू म्हणाली, "आत्यानं पिल्लं मोजाय धाडलं." एवढ्या तपशिलाची आवश्यकता नव्हती.

पोटात रोज एक सुई, एकूण चौदा. दहा दिवस तांबी धडधाकट राहिली, तर उरलेल्या माफ. तिला रोज भाकरी घालून पाहण्याचे काम माझ्याकडे. वहिनी म्हणाल्या, "मोजायची लई हौस ना? मोजा आता दिवस!"

ता. ११
भाकरी माळवदावरून टाकली. कावळ्याने नेली. निष्कर्ष: कावळा निरोगी आहे. तांबीची खबर रोज सारजाबाई देतात. ती मी माझ्या अक्षरात उतरवून घेते. नागू सुईच्या वेळी माझा हात धरते. मी डोळे मिटते.

ता. १६
दहावा दिवस. अण्णांनी बजावले, आज स्वतः पाहून ये. नागूला घेऊन निघाले. ती कुंपणाशीच थांबली. नियम पहिला तिला पाठ आहे. मी दोन पावले पुढे जाऊन भाकरी टाकली. तांबी उठली, तिने भाकरी खाल्ली, शेपूट हलविले. धडधाकट! सुया बंद!

मग तिने माझ्याकडे पाहिले.

"आत्या, पळू नगं! पळलं की मागं लागती!" नागू ओरडली. हा माझाच नियम तिसरा. परंतु तो ऐकू आला, तेव्हा मी आमच्या ओसरीवर पोहोचले होते.