ओवाळणीच्या वहाणा

कार्तिक शुद्ध १, शके १८४९. मु. औंढे, मावळ

चि. अनसूयेस आशीर्वाद. इतक्या उशिरा लिहितो आहे म्हणून रागावू नकोस. गेल्या दिवाळीला राहिलं, त्याच्या आदल्या दिवाळीलाही राहिलं. लिहायला बसलं की वाटतं, पुढच्या गावी निवांत लिहू. आणि पुढच्या गावाच्या पुढे पुन्हा एक गाव असतंच. म्हणून या खेपेला वहीच केली. रोज थोडं लिहीन आणि इथून निघताना सासवडला तुझ्या पत्त्यावर टाकीन.

आजचा दिवस मोठा आनंदाचा. वलवणचा मुक्काम हलवून, आगगाडीचे रूळ ओलांडून औंढ्याला आलो. भातं पिकली आहेत, सगळं शिवार पिवळं दिसतं. गावाच्या वरच्या अंगाला एक झरा आहे, गाळाने निम्मा बुजलेला. माझा नेम तुला ठाऊक आहे: ज्या झऱ्याचं पाणी प्यालो तो उपसून, दगड नीट लावून मगच पुढे जायचं. इंग्रजी दुसरीत शाळा सुटलेल्या माणसाला दुसरं काय येणार? पण मागून येणारा तहानेला गाळ न पिता पुढे जातो, एवढं मला पुरतं.

धोंडाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांनी ओसरी दिली. घरात त्या आणि दीर अंबाजी. यजमान भिमाजी बारा वर्षांमागे असेच हिंडायला म्हणून गेले ते परतले नाहीत. देव्हाऱ्याखाली त्यांच्या वहाणा आहेत, तेल लावून ठेवलेल्या. बाईंचं कुंकू चांगलं रुपयाएवढं.

ओसरीला वारा लागतो. खोकला वाढेल असं वाटतं.

कार्तिक शुद्ध २

भाऊबीज. धोंडाबाईंना भाऊ नाही. सकाळी त्यांनी मला पाटावर बसवलं, तीळ-तेल लावून न्हाऊ घातलं आणि ओवाळलं. अंबाजी खळ्यावरून चेष्टा करत होता, की ज्याला एक घर नाही त्याला गावोगावी बहिणी मिळतात, धंदा बरा आहे. हसलो.

ओवाळताना बाईंनी विचारलं, तुमची वाट बघणारं कोणी आहे का? मी नाही म्हटलं. अनसूये, राग धरू नको. आहे म्हटलं असतं तर आजच्या दिवशी तिच्याकडे का गेला नाहीत, हेही सांगावं लागलं असतं. सोपं उत्तर दिलं.

तबकात घालायला काही नव्हतं. तळेगावच्या चांभाराने करून दिलेल्या नव्या वहाणा गाठोड्यात आहेत, त्या काढू लागलो. बाई म्हणाल्या, नव्या नकोत, पायातल्या द्या. त्या जुन्या जोडाला किती टाके घातलेत ते माझं मला ठाऊक. डाव्या पायाची टाच बाहेरून झिजलेली, मी तसाच टाकतो पाय. पण बहिणीने ओवाळणी मागितली, नाही कसं म्हणायचं? दिल्या.

कार्तिक शुद्ध ६

झऱ्याचा गाळ निम्मा काढला. खाली जुना बांधीव कट्टा लागला.

घरात एक कार्य ठरलं आहे. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा पळसाच्या काड्यांचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं लावायचं, आणि त्यालाच अग्नी द्यायचा. म्हणजे तो माणूस गेला असं धरायचं. अंबाजी दरवर्षी म्हणत होता, त्याच्या मुलीचं लग्न अडून बसलं आहे. धोंडाबाई दरवर्षी नाही म्हणायच्या. यंदा भाऊबीजेच्या संध्याकाळी आपण होऊन हो म्हणाल्या. अंबाजीला नवल वाटतं. मलाही.

भटजींनी गेलेल्या माणसाची अंगावरची एखादी वस्तू मागितली आहे, पुतळ्याला जोडायला.

कार्तिक शुद्ध ११

आज वलवणहून भिमाजींच्या चुलतबहिणी आल्या होत्या. मी झऱ्यावर होतो. अंगणातून रडणं ऐकू आलं आणि त्याच घटकेला पाय गार पडले. पाण्यात नव्हतो, उन्हात दगडावर बसलो होतो. घोट्यापर्यंत गार, आणि चिमटा काढला तरी कळेना.

वाताचं असेल. वय झालं. निरगुडीचा पाला बांधला आहे.

कार्तिक शुद्ध १३

खळं सारवलं होतं, ओलं होतं. मी विसरून त्यावरून चालत गेलो. नंदाबाई म्हणून शेजारीण आहे, ती ओरडायला धावली आणि मध्येच थांबली. सारवणावर कोंबडीच्या पायाचाही ठसा होता. माझा एकही नव्हता.

तिने कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. पण ती आता मला वाट देते, जरा जास्तच लांबून.

झरा पुरा व्हायचा आहे. तो न करता निघावं का? आजवर असं केलं नाही. मन लागत नाही.

कार्तिक वद्य १

निघालो. झरा तसाच टाकून निघालो, देव क्षमा करो. लोणावळ्याच्या वाटेला लागलो. सबंध हिंदुस्थान ज्या पायांनी पाहिला ते पाय रूळ दिसायच्या आधीच मुडपले. गेणू गाडीवाला येत होता, त्याने उचलून गाडीत घातलं आणि परत इथेच आणलं. त्याला वाटलं, हेच माझं घर.

धोंडाबाईंनी कढत पेज दिली. पाय चेपले. फार मायेने चेपले.

कार्तिक वद्य ५

आता गुडघ्यापर्यंत.

अंगणात पुतळा बांधतात. पळसाच्या काड्या, लोकरीचा दोरा, जवाचं पीठ. मला ओसरीवरून दिसतो. गावातल्या बायका येतात, त्याच्या पायांना हात लावून रडतात. एक म्हातारी म्हणाली, भिमाजीच तो, डाव्या टाचेवर तसाच चालायचा. मान उंच करून पाहिलं—

माझ्या वहाणा. पुतळ्याच्या पायांना बांधलेल्या.

भिमाजींच्या वहाणा देव्हाऱ्याखालीच आहेत. आज पुन्हा तेल लावलेलं.

कार्तिक वद्य ६

अंबाजीला सांगितलं, वहाणा माझ्या आहेत. तो समजुतीने हसला. सगळ्या भावकीने त्या ओळखल्या, म्हणाला, म्हातारपणी असा भ्रम होतो.

मग बाईंनाच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. हळूच बोलल्या,

"भाऊ, माजा मानूस जित्ता हाय. मला ठावं हाय. जाळायला कुनाचं तरी पायताण लागनारच व्हतं."

मी म्हटलं, मग माझंच का?

"तुमीच म्हनला न्हवं, वाट बघनारं कुनी न्हाई."

आणि सूप पाखडायला घेतलं. कपाळावरचं कुंकू ताजं होतं.

मी सांगितलं, बहीण आहे, सासवडला आहे, अनसूया नाव. त्या म्हणाल्या, मग तिचा सांगावा येऊ द्या, मी माझ्या हाताने वहाणा सोडून देते. बारा वर्षांत माझ्या माणसाचा सांगावा आला असता तर मी हे केलं असतं का?

खोटं बोलत नव्हत्या. तेच वाईट.

कार्तिक वद्य ७

छाती— श्वास अर्धाच. गेणू आज दुपारी लोणावळ्याला जाणार. त्याच्याकडे वही देतो. टपालात टाकीन म्हणाला. भटजी उद्या येणार होते, पण अंबाजीने आजच—

अंगणात माणसं जमली आहेत. गेणू बैल जुंपतो आहे. लिहितो तेवढं—

पाय आता गार नाहीत. ऊब येते आहे. आधी टाचेला, डाव्या—

अनसूये, ओळ लांब नको. तू वाट बघतेस, एवढंच. माझं नाव घालून. तार कर, माणूस पाठव, कसंही कळव, पण लवकर— ऊब वर चढते— तू वाट बघतेस असं नुसतं क